चरी-कोपरचा शेतकरी संप सहा वर्षे टिकला कसा?

खारेपाट

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी आसपासच्या 25 गावांतील कुळे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे शेतकरी, तेथे सभेला जमली आणि खोतांची जमीन कसायची नाही असा निर्णय त्यांनी घेतला. चरी-कोपरचा संप म्हणून ओळखला जाणारा हा लढा 1939 पर्यंत चालला. कारखान्यातला संप महिनाभर लांबला तरी घराघरात चूल कशी पेटवायची हा प्रश्न उभा राहतो. इथे तर ज्यांच्याकडे जमिनीवाचून पोट भरण्याचे दुसरे साधन नव्हते त्यांनीच जमीन सोडली आणि पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी खोताच्या शेतात नांगर घातला नाही. माझे आजोळ याच पट्ट्यातले असल्याने संपाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टींत नेत्यांचे शौर्य आणि लोकांचा निर्धार भरपूर असतो, परंतु संप टिकला कसा याचे उत्तर त्यांत क्वचितच मिळते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी खोतीविषयी थोडे. कोकणात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत असे. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची आणि त्या बदल्यात कुळांकडून वसूल करण्याचा वंशपरंपरागत अधिकारही त्याचाच. कुळाकडून कबुलायत, म्हणजे जमीन कसण्याचा करार, लिहून घेतली जाई आणि तिची मुदत सरली की जमीन पुढच्या साली त्याच कुळाकडे राहील याची शाश्वती नसे. पिकलेल्या भातातला मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या खळ्यावर जाई. पावसाळ्यात घरातले भात संपले की खोताकडूनच दिढीने उचलायचे, म्हणजे घेतल्याच्या दीडपट पीक आल्यावर परत करायचे, आणि फेड अपुरी पडली की बाकी पुढच्या वर्षावर चढायची. खोताच्या घरची कामे वेठीने करून द्यावी लागत ती वेगळीच. 1930 च्या आसपास जागतिक मंदीने भाताचा भाव कोसळला आणि आधीच न जुळणारा हा हिशेब पार विस्कटला.

नारायण नागू पाटील आणि भाई अनंत चित्रे यांनी त्याआधीची काही वर्षे गावोगाव फिरून कुळांना संघटित केले होते. चित्रे हे 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले कार्यकर्ते. एका लढ्यात तयार झालेली माणसे दुसऱ्या लढ्याला कशी उपयोगी पडतात याचे हे उदाहरण आहे. सभेच्या दिवशी कुळांच्या मनात ठिणगी पडली असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. सभेने आधीच झालेल्या तयारीवर फक्त शिक्कामोर्तब केले.

आता मुख्य मुद्दा. खारेपाटातली भातशेती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही जमीन खाडीला लागून आहे आणि भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवल्यामुळेच ती शेत म्हणून उभी आहे. बांधात उघाड्या असतात. ओहोटीच्या वेळी उघाडीतून शेतातले पावसाचे पाणी बाहेर काढायचे आणि भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे काम सतत चालू असते. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, तर ज्याच्या शेतासमोर ती गेली त्यानेच नव्हे, सगळ्या गावाने चिखल आणि पेंढा घेऊन धावायचे असते, कारण एकदा खारे पाणी आत पसरले की पुढची काही वर्षे तिथे भात नीट येत नाही. म्हणजे कागदावर जमीन खोताची होती, पण तिला शेत म्हणून जिवंत ठेवणारे हात कुळांचे होते. हे हात मागे घेतल्यावर खोताचे त्या सालचे भात तर बुडतच होते, शिवाय त्याची मालमत्ताही वर्षागणिक खराब होत होती. दुसरीकडून माणसे आणून एखादे शेत लावता येईल, परंतु 25 गावांचे बांध राखणारी माणसे कुठून आणणार?

याच बांधांनी आणखी एक गोष्ट घडवली असे मला वाटते. रात्री हाक आली की उठून बांधावर जायचे आणि जो जाणार नाही त्याला गावाला उत्तर द्यावे लागेल, ही सवय या गावांना पिढ्यान्‌पिढ्या होती. संपासाठी लागणारी शिस्त कोणा वक्त्याने त्यांना नव्याने शिकवली नाही.

बाकी पोटाचा प्रश्न उरतोच. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासेमारी केली, मिळेल तिथे मजुरी केली. माझ्या आजीच्या आठवणीत तिची आई पहाट होण्याआधी मोळी डोक्यावर घेऊन अलिबागच्या वाटेला लागलेली आहे आणि परतताना तिच्या ओच्यात त्या दिवसाच्या पेजेपुरते तांदूळ आहेत. आजी सांगे की मोळी विकली गेली नाही तर ती परत न आणता पडेल त्या भावाने द्यावी लागे आणि गिऱ्हाइकांना ते ठाऊक असे. लढ्याच्या इतिहासात या बाजाराची नोंद व्हायला हवी.

माझे मत असे की समूहाच्या संख्येइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दोन गोष्टींना आहे. समोरच्याचे आपल्यावाचून किती अडते ही पहिली आणि आपण त्याच्यावाचून किती दिवस काढू शकतो ही दुसरी. जाणकारांनी यावर लिहावे, विरोधी मत असल्यास अवश्य लिहावे.

गिरणगाव

फार महत्त्वाचा धागा. तुमचे म्हणणे मी 1982 च्या गिरणी संपाला लावून पाहिले आणि दुर्दैवाने ते तंतोतंत लागू पडते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संख्या चरीच्या कितीतरी पट, एकजूट म्हणाल तर तीही अभूतपूर्व. माझे वडील साचेखात्यात होते. आमच्या चाळीतील बहुतेक घरे गावी गेली, काही कोकणात तर काही साताऱ्याकडे, आणि तिथल्या शेतीने व भावकीने त्यांना बरेच दिवस सांभाळले. म्हणजे तुमची दुसरी अट, मालकावाचून दिवस काढण्याची, कामगारांनी शक्य तेवढी पुरी केली.

पहिली अट मात्र हुकली. मालकांचे कामगारांवाचून अडले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड निघतच होते. कित्येक गिरण्यांची यंत्रे इतकी जुनी झाली होती की त्या बंद राहण्यात मालकाचे फार बिघडत नव्हते, आणि गिरणीखालच्या जमिनीची किंमत दिवसेंदिवस गिरणीपेक्षा जास्त होऊ लागली होती. त्यात 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि ती सामंतांची नव्हती. कामगार ज्याला नेता मानत होते त्याच्याशी कायद्याने कोणी बोलायला बांधील नव्हते. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला.

म्हणून एकजूट कमी पडली असे कोणी म्हणाले की मला मनापासून वाईट वाटते. एकजूट कमी पडली नव्हती.

नीरक्षीर

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही एक शंका मांडतो. चरीचा संप झाला आणि 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कूळकायदा झाला, म्हणून संपामुळे कायदा झाला, असे आपण सहज धरून चालतो. 1935 च्या भारत सरकार कायद्याने मतदारांची संख्या वाढली, 1937 मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, त्याआधी डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने शेतकऱ्यांविषयीचा कार्यक्रम मंजूर केला होता. मंदीने देशभर कूळ आणि जमीनदार यांच्यातला ताण वाढवला होता आणि इतर प्रांतांतही कुळांच्या संरक्षणाचे कायदे होत होते. मग चरीचा संप झाला नसता तरी 1939 चा कूळकायदा आलाच असता, असे का म्हणू नये? 25 गावांच्या संपाने मुंबई प्रांताचे धोरण बदलले असे म्हणणे मला भावनेच्या जवळ आणि पुराव्यापासून दूर वाटते.

खारेपाट

नीरक्षीर, शंका रास्त आहे आणि तिला थातुरमातुर उत्तर देऊन चालणार नाही.

संपानेच एकट्याने कायदा आणला असे मी म्हणत नाही. पण तुम्ही सांगितलेला क्रम जरा जवळून पाहू. फैजपूरचा कार्यक्रम मंजूर झाला, 1937 च्या जुलैत मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. फैजपूरचा ठराव करणाऱ्या पक्षाचेच बहुमत होते, तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही. जानेवारी 1938 मध्ये कोकणातील आणि इतर भागांतील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने आले, त्यांत खोती रद्द करा ही प्रमुख मागणी होती. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, कुळांना संरक्षण देण्याचे सरकारने जाहीर केले आणि संप थांबला. ठराव कागदावर होता, बहुमत होते, मंत्रिमंडळ होते. तरीही मंत्र्याला एका लहानशा गावात यावे लागले ते तिथली शेते पाच-सहा वर्षे ओसाड पडली होती म्हणून. देशभरच्या वाऱ्याने दार किलकिले केले असेल, पण आत काय शिरावे हे ठरवण्यात चरीचा वाटा आहे.

शिवाय कायदा होणे आणि कायदा गावात पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि 20 मार्च 1927 पर्यंत त्या तळ्याचे पाणी त्यांच्यापैकी कोणी घेऊ शकले नव्हते. ज्या दिवशी हजारो माणसे एकत्र चालत तळ्यावर गेली त्या दिवशी ठरावाला अर्थ आला. त्यानंतर हल्ला झाला, नगरपालिकेने त्याच वर्षी ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला 1937 साल उजाडले. दहा वर्षांच्या या वाटेवर प्रत्येक पायरीला समूह उभा होता, म्हणून ती वाट संपली.

(नाव सी. के. बोले म्हणजेच सीताराम केशव बोले. जुन्या कागदपत्रांत एस. के. बोले असेही आढळते.)

डहाणूकिनारा

वारली आदिवासींच्या उठावाची गोष्ट इथे यायलाच हवी, कारण 'समोरच्याचे कधी अडते' या प्रश्नाला तिथे फार नेमके उत्तर मिळाले होते.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव, डहाणू भागात जमीनदारांकडे वेठ होती आणि तिच्याहूनही भीषण अशी लग्नगडीची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घेतलेला माणूस बायकोसह त्याच्या घरचा गडी होऊन जाई आणि ते कर्ज हयातीत फिटत नसे. 1945 च्या मे महिन्यात झरी येथे आदिवासींची सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तिथे वेठ न करण्याची आणि रोजाला 12 आणे मिळाल्याशिवाय कोणाच्या शेतावर न जाण्याची शपथ घेतली गेली. थोड्याच महिन्यांत लग्नगड्यांना त्या घरांतून सोडवून आणले गेले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत काही आठवड्यांत मोडली, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पण मला सांगायचे आहे ते गवताबद्दल. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या भागातून जात असे. पावसाळा संपल्यावर गवत कापण्याचे दिवस मोजकेच असतात. ते गेले की गवत वाळून जाते आणि व्यापाऱ्याचे वर्ष फुकट जाते. 1945 च्या ऑक्टोबरात आदिवासींनी 500 पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागून संप केला तो नेमका याच दिवसांत. त्याच महिन्यात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. तरीही संप मोडला नाही आणि मागितलेला दर मिळाला. चरीच्या कुळांपाशी बांध होते, वारल्यांपाशी गवताचा हंगाम होता. दोघांनीही आपल्या श्रमाची किंमत कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी सर्वांत जास्त आहे ते बरोबर ओळखले होते. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवले गेले त्यांची ही समज आहे.

पश्चिमवारा

गेली काही वर्षे आयर्लंडच्या पश्चिमेला राहतो. इथल्या मेयो परगण्यात 1880 मध्ये जे घडले ते या चर्चेशी इतके जवळचे आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

तिथेही कुळे, गैरहजर जमीनदार आणि पिकाबरोबर न घटणारा खंड असाच मामला होता. 1879 मध्ये कुळांच्या हक्कांसाठी लँड लीग ही संघटना स्थापन झाली. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी. त्याने खंड न देऊ शकणाऱ्या कुळांना बेदखल करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सगळ्या परिसराने त्याच्याशी व्यवहार थांबवला. मजुरांनी काम सोडले, दुकानदाराने माल देणे बंद केले, टपाल पोचवणारा येईना. त्याचे उभे पीक काढायला अल्स्टरमधून 50 स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक तैनात करावे लागले. सुमारे 500 पौंडांचे पीक काढण्यासाठी 10,000 पौंडांच्या आसपास खर्च आल्याचे सांगितले जाते. तो वर्षअखेर आयर्लंड सोडून गेला. 1881 मध्ये ब्रिटिश संसदेने वाजवी खंड आणि कसण्याची शाश्वती देणारा कायदा केला, आणि 1903 च्या कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

सरकार पीक काढून देऊ शकते, पण दरवर्षी एवढा खर्च करून काढून देऊ शकत नाही. गिरणगाव यांनी लिहिलेल्या 1982 च्या उदाहरणात नेमके हेच उलटे झाले. तिथे कापड बाहेरून स्वस्तात निघत होते.

वेत्रवती

सगळे प्रतिसाद मन लावून वाचले. आपण सर्वजण समूहाच्या ताकदीविषयी आदराने लिहीत आहोत आणि तो आदर मलाही आहे. परंतु खारेपाट यांच्या मूळ लेखातील एका वाक्यापाशी मी अडखळले. जो बांधावर जाणार नाही त्याला गावाला उत्तर द्यावे लागेल, असे त्यांनी लिहिले आहे. पश्चिमवारा यांच्या उदाहरणातही दुकानदाराने माल देणे बंद केले, टपाल बंद झाले.

मी रायगड जिल्ह्यातच काम केले आहे. याच जिल्ह्यातून गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या कितीतरी तक्रारी गेल्या काही वर्षांत पुढे आल्या. आंतरजातीय लग्न केले, गावकीचा निर्णय मानला नाही, कोणाविरुद्ध तक्रार केली, एवढ्या कारणावरून पाणी बंद, दुकान बंद, मयतीला कोणी यायचे नाही. या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला आणि तो 2017 पासून लागू झाला. वाळीत टाकलेल्या घरातल्या बाईशी मी बोलले आहे. तिच्या मुलीला शाळेत कोणी डब्याला जवळ बसू देत नव्हते. मुलीने त्याचे कारण विचारले तेव्हा काय सांगायचे हे आईला सुचत नव्हते.

मग माझा प्रश्न असा आहे. ज्या गावपणाने चरीचा संप सहा वर्षे टिकवला तेच गावपण एका एकट्या कुटुंबाला चिरडते. ही एकच शक्ती आहे की दोन वेगळ्या? एकच असेल तर आपण तिचा गौरव किती बेताने केला पाहिजे?

खारेपाट

वेत्रवतीताई, या प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार. दोन दिवस विचार करून लिहीत आहे.

शक्ती एकच आहे, हे मला मान्य करावे लागेल. शेजाऱ्याच्या नजरेची भीती आणि शेजाऱ्याचा आधार या दोन गोष्टी एकाच घरातून येतात. जे गाव खांड गेल्यावर तुमच्यासाठी धावते तेच गाव तुम्ही धावला नाहीत तर लक्षात ठेवते. संपाच्या सहा वर्षांत एखाद्या कुळाला मनातून नांगर धरायचा असेल आणि केवळ गावाच्या धाकाने त्याने तो धरला नसेल, असे घडलेच नसेल म्हणणे खोटेपणाचे होईल.

तरीही फरक आहे, आणि तो भावनेचा नाही. पहिले म्हणजे दबावाची दिशा. चरीत दबाव खोतावर होता, ज्याच्यामागे कबुलायत, न्यायालय आणि सरकार उभे होते. वाळीत टाकण्यात दबाव अशा माणसावर येतो ज्याच्यामागे कोणीच नसते. दुसरे म्हणजे मागणी. संपाची मागणी जाहीर होती, ती लिहून देता येत होती, आणि ती मान्य झाल्यावर संप थांबणार होता आणि थांबलाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबाने नेमके काय केले म्हणजे सुटका होईल हे बहुधा कोणी सांगत नाही, किंवा सांगितलेली अट दंड आणि माफी यांच्यापलीकडे जात नाही. तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चरीच्या संपाने जातीची वेस ओलांडली. आगरी, कुणबी, मराठा, महार अशा वेगवेगळ्या जातींची कुळे एका बाजूला आली आणि आंबेडकरांनी त्या लढ्याला जाहीर पाठिंबा दिला. खोतांतही एकाच जातीचे लोक नव्हते. गावकीचा बहिष्कार बहुधा जातीची वेस पक्की करण्यासाठी असतो.

याने तुमच्या प्रश्नाचा पूर्ण निकाल लागत नाही. नेता चांगला असेल तर ही शक्ती चांगल्या मार्गाला लागते असे म्हणून मोकळे होणेही मला बरोबर वाटत नाही. ज्या संघटनेत ठराव उघड सभेत होतात, विरोधात बोलणाऱ्याला बोलू दिले जाते आणि बाहेर पडणाऱ्याच्या घरचे पाणी तोडले जात नाही, तिथे ही शक्ती कमी धोकादायक असते. एवढेच मी खात्रीने म्हणू शकतो.

नीरक्षीर

माझ्या शंकेला मिळालेले उत्तर बऱ्याच अंशी पटले. विशेषतः महाडचा ठराव 1924 चा आणि पाणी 1927 मध्ये, हा मुद्दा. मात्र पराभूत चळवळींचाही असाच जवळून विचार व्हावा. मुळशीचा सत्याग्रह 1921 ते 1924 चालला, सेनापती बापटांसारखा नेता होता, मावळ्यांनी हाल सोसले, तरी टाटांचे धरण झाले. तिथे बऱ्याच जमिनीचे कागदोपत्री मालक सावकार होते आणि त्यांना नुकसानभरपाई हवी होती. धरणाला मावळ्यांच्या श्रमाची गरज नव्हती, त्यांच्या जमिनीची होती, आणि ती कायद्याने संपादन करता येत होती. खारेपाट यांच्या कसोटीवर हे उदाहरणही उतरते, म्हणून मी माझा आक्षेप सौम्य करतो.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेले, म्हणून पुढचा भाग लिहितो. संप थांबला त्या वर्षी कुळांना जमिनी मिळाल्या असा अनेकांचा समज असतो. तसे झाले नाही.

1939 च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही कल्पना आणली, म्हणजे ठरावीक वर्षे जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मनमानीने काढता येणार नाही, आणि तोही सुरुवातीला मोजक्याच जिल्ह्यांत लागू झाला. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने हे संरक्षण वाढवले. 1949 च्या कायद्याने खोती गेली. मालकी मिळाली ती 1956 च्या दुरुस्तीनंतर. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, ती जमीन विकत घेतलेले मानले गेले. मग कलम 32 ग खाली किंमत ठरवायची, कुळाने ती हप्त्याने भरायची आणि भरल्यावर 32 म चे प्रमाणपत्र घ्यायचे. चरीच्या सभेपासून इथपर्यंत 24 वर्षे जातात. 1933 मध्ये हात वर करणाऱ्यांतले किती जण हे पाहायला उरले असतील याचा विचार मी जुनी प्रकरणे हाताळताना नेहमी करीत असे.

आणि सगळे काम नोंदीवर चाले. पीकपाहणीत कूळ म्हणून नाव असेल तर हक्क, नसेल तर नाही. मालकाने नाव लागू दिले नाही, तोंडी बोलीवर जमीन कसली, भीतीने कबुली दिली नाही, अशा कुळांची प्रकरणे पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. अजूनही कित्येक उताऱ्यांवर इतर हक्कांच्या रकान्यात 'कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र' असा शेरा दिसतो. कूळकायद्याने मिळालेली जमीन परवानगीवाचून विकू नये यासाठी ते बंधन होते. 2014 च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून ते उठवता येते.

दीपमाळ

सातबारा काका, एक विचारायचे होते. जे कूळही नव्हते, कुळाच्या शेतावर मजुरी करत होते, त्यांचे काय झाले? माझ्या गावाशेजारी कातकरी वाडी आहे. तिथल्या कोणाच्याही नावावर भातशेती नाही.

सातबारा

नेमके विचारलेत. कूळकायद्याने जमीन दिली ती कुळाला. रोजावर येणाऱ्या मजुराचे नाव पीकपाहणीत येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे 1957 च्या त्या दिवसाने कातकऱ्यांच्या पदरात जवळजवळ काहीच टाकले नाही. रायगडात कातकरी आणि ठाकूर यांच्याकडे डोंगरउतारावरच्या दळी जमिनी होत्या, त्या वनखात्याच्या हद्दीत आणि वनखात्याच्या मर्जीवर. त्यांच्या हक्कासाठी वेगळी संघटना, वेगळे मोर्चे, वेगळी वर्षे खर्ची पडली, आणि दावा करण्याचा कायदेशीर आधार 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळाला. तुमच्या शेजारच्या वाडीतील लोक दळी कसत असतील तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे त्यांचा दावा दाखल झाला आहे का, आणि झाला असेल तर उपविभागीय स्तरावर तो कुठे अडला आहे, हे विचारून पाहा. पावती नसेल तर आधी ती मिळवा. मला व्यक्तिगत निरोप पाठवलात तर अर्जाबरोबर कोणकोणते पुरावे जोडता येतात ते सविस्तर लिहून देईन.